हडसनवरच्या आगबोटी आणि व्यापाराची हद्द : १८२४ चा 'गिबन्स विरुद्ध ऑग्डेन' निकाल

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि कोळंबीपासून दागिन्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या निर्यातदारांची गणिते विस्कटली. हे शुल्क राष्ट्राध्यक्षांनी १९७७ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे लावले होते. त्या कायद्यात आयातीचे नियमन करण्याची मुभा असली, तरी शुल्क लावण्याचा उल्लेख कोठेही नाही, असा आक्षेप घेऊन काही आयातदार आणि काही राज्ये न्यायालयात गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यावर युक्तिवाद झाले.

व्यापाराचे नियमन म्हणजे नेमके काय, ते कोणी करायचे आणि तो अधिकार कोठे संपतो, हे प्रश्न अमेरिकेत नवे नाहीत. त्यांचा पहिला मोठा निवाडा २ मार्च १८२४ रोजी झाला, आणि तोही न्यूयॉर्कच्या बंदरात उतारू नेणाऱ्या दोन आगबोटवाल्यांच्या भांडणात. 'गिबन्स विरुद्ध ऑग्डेन' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचावा लागतो. मक्तेदारी हरली आणि खुला व्यापार जिंकला, असे त्याचे सार सहसा एका वाक्यात सांगितले जाते. ते सार अपुरे आहे, कारण न्यायालयाने जे ठरवले ते यापेक्षा पुष्कळ नेमके होते, आणि जे ठरवण्याचे टाळले त्याचे परिणामही दूरवर गेले.

एक नदी, दोन सरकारे

अमेरिका हे संघराज्य आहे, म्हणजे तेथे प्रत्येक नागरिकावर एकाच वेळी दोन सरकारांची सत्ता चालते : एक त्याच्या राज्याचे आणि दुसरे साऱ्या देशाचे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशाच्या सरकारला व्यापाराबाबत जवळजवळ काहीच अधिकार नव्हते. प्रत्येक राज्य आपापली बंदरे आपल्या सोयीने चालवी आणि शेजारच्या राज्याच्या मालावर कर बसवी. या ओढाताणीला कंटाळूनच १७८७ मध्ये नवी राज्यघटना लिहिली गेली आणि तीत काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, परराष्ट्रांशी, राज्याराज्यांमध्ये आणि मूळ रहिवासी जमातींशी चालणाऱ्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार देण्यात आला. त्याच घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने असेही ठरवले की, देशाचा वैध कायदा आणि राज्याचा कायदा यांची टक्कर झाली तर देशाचा कायदा वरचढ ठरेल. पुढचा सगळा वाद या दोन तरतुदींभोवती फिरतो.

वादाचे स्वरूप डोळ्यांपुढे येण्यासाठी आपल्याकडचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वेंगुर्ल्याचा एक लाँचमालक केंद्र सरकारचा परवाना घेऊन पणजीपर्यंत प्रवासी नेतो. गोवा सरकारने मात्र एका कंपनीला तीस वर्षांचा हक्क देऊन टाकला आहे की, मांडवीत यांत्रिक बोट चालवायची तर फक्त त्या कंपनीने किंवा तिला पैसे मोजून परवानगी घेतलेल्याने. वेंगुर्ल्याची लाँच मांडवीच्या मुखाशी आली की ती अडवली जाते, जप्तही होऊ शकते. लाँचमालक केंद्राचा कागद दाखवतो, कंपनी राज्याचा कागद दाखवते. कोणता कागद खरा मानायचा? वेंगुर्ल्याच्या जागी न्यू जर्सीतील एलिझाबेथटाउन आणि पणजीच्या जागी न्यूयॉर्क ठेवले की १८२४ चा खटला हाती येतो.

मक्तेदारी आली कोठून?

न्यूयॉर्क राज्याने आगबोटींचा एकाधिकार प्रथम १७८७ मध्ये जॉन फिच या संशोधकाला दिला होता. त्याचा उपयोग झाला नाही, तेव्हा १७९८ मध्ये तो रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांच्याकडे वळवण्यात आला. लिव्हिंग्स्टन हे न्यूयॉर्कमधील बड्या जमीनदार घराण्यातले, राज्याच्या न्यायव्यवस्थेत वरच्या पदावर बसलेले आणि राजकारणात मुरलेले गृहस्थ होते. अट अशी होती की, प्रवाहाविरुद्ध ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर, वेगाने जाणारी बोट त्यांनी प्रत्यक्ष चालवून दाखवावी. ही अट पुरी होईना, आणि विधिमंडळ मुदत वाढवत राहिले.

पुढे लिव्हिंग्स्टन अमेरिकेचे राजदूत म्हणून फ्रान्सला गेले. तेथे पॅरिसमध्ये त्यांची गाठ रॉबर्ट फुल्टन या हुन्नरी अभियंत्याशी पडली आणि दोघांनी भागीदारी केली. ऑगस्ट १८०७ मध्ये फुल्टन यांची आगबोट न्यूयॉर्कहून निघून हडसन नदीतून वर सुमारे २४० किलोमीटरवरच्या ऑल्बनीला ३२ तासांत पोहोचली. शिडाच्या गलबतांना याच अंतरासाठी वाऱ्याच्या मर्जीवर कित्येक दिवस काढावे लागत. १८०८ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की, या भागीदारांनी उतरवलेल्या प्रत्येक नव्या बोटीमागे मक्तेदारीची मुदत पाच वर्षांनी वाढेल, मात्र एकूण तीस वर्षांच्या पुढे जाणार नाही, आणि त्यांच्या परवानगीवाचून राज्याच्या पाण्यात आलेली आगबोट जप्त होईल.

यातले 'राज्याच्या पाण्यात' हे शब्द फार महत्त्वाचे होते, कारण न्यूयॉर्क राज्य हडसनच्या संपूर्ण पात्रावर, अगदी पलीकडच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्याला पाणी लागेपर्यंत, आपला हक्क सांगत असे. म्हणजे न्यू जर्सीच्या माणसाने आपल्या अंगणातून आगबोट सोडली तरी ती सुटताक्षणीच न्यूयॉर्कच्या कायद्याखाली येई. नदी दोघांची आणि नियम एकाचा, अशी ही व्यवस्था होती.

शेजाऱ्यांनी काय केले?

न्यू जर्सीने प्रत्युत्तरादाखल कायदा केला की, न्यूयॉर्कच्या मक्तेदारांनी आमच्या नागरिकाची बोट पकडली तर त्यालाही त्यांची बोट पकडता येईल. कनेक्टिकटने १८२२ मध्ये न्यूयॉर्कच्या परवान्यावर चालणाऱ्या आगबोटींना आपल्या पाण्यात मज्जाव केला. तिकडे लुइझियानासह इतर काही ठिकाणीही आगबोटींचे असेच एकाधिकार दिले गेले होते. ही राज्ये एकमेकांशी युद्धाच्या उंबरठ्यावर आली आहेत, असे देशाचे महान्यायवादी विल्यम वर्ट यांनी पुढे न्यायालयात सांगितले. वकिली आवेश वजा केला तरी चित्र खरे होते, कारण १७८७ ची घटना ज्या भांडणांवर उपाय म्हणून आली, तीच भांडणे आता वाफेच्या यंत्रावर बसून परत आली होती.

ऑग्डेन आणि गिबन्स

आरन ऑग्डेन हे स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिक आणि न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर. एलिझाबेथटाउन ते न्यूयॉर्क ही त्यांची बोटसेवा होती, आणि त्यांनी आधी या मक्तेदारीविरुद्ध झगडून पाहिले होते. ते जमले नाही तेव्हा १८१५ मध्ये त्यांनी लिव्हिंग्स्टन यांच्या भावाकडून पैसे देऊन परवाना घेतला. टॉमस गिबन्स हे मूळचे जॉर्जियातले श्रीमंत वकील आणि मळेवाले, सव्हाना शहराचे माजी महापौर, नंतर एलिझाबेथटाउनला येऊन राहिलेले. दोघांचा काही काळ व्यावहारिक संबंध होता, पण गिबन्स यांच्या घरगुती तंट्यात ऑग्डेन ओढले गेले आणि वैर इतके वाढले की १८१६ मध्ये गिबन्स हातात घोड्याचा चाबूक घेऊन ऑग्डेन यांच्या दारी गेले आणि द्वंद्वयुद्धाच्या आव्हानाचा कागद तेथे लावून आले. ऑग्डेन यांनी त्यांच्यावर घरात अतिक्रमण केल्याचा दावा लावून भरपाई मिळवली.

यानंतर गिबन्स यांनी त्याच मार्गावर स्वतःच्या आगबोटी उतरवल्या. त्यांपैकी 'बेलोना' या बोटीवर त्यांनी कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट नावाचा विशीतला कप्तान नेमला, जो पुढे अमेरिकेतील सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक झाला. न्यायालयाचे समन्स घेऊन येणाऱ्या शिपायांना हुलकावणी देत व्हँडरबिल्ट न्यूयॉर्कच्या धक्क्याला बोट लावी आणि उतारू घेऊन परत निघे. गिबन्स यांच्या बोटींकडे १७९३ च्या केंद्रीय कायद्याखाली मिळालेला किनारी वाहतुकीचा परवाना होता, म्हणजे देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात वाहतूक करण्यासाठी केंद्राने दिलेला कागद. या एका कागदावर पुढे सगळा खटला उभा राहिला.

ऑग्डेन यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयातून गिबन्स यांच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. तेथील नामांकित न्यायाधीश जेम्स केंट यांनी १८१९ मध्ये तो कायम केला आणि राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायपीठाने १८२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. गिबन्स यांनी हार मानली नाही. सर्वोच्च न्यायालयातील पहिला प्रयत्न १८२१ मध्ये कागदपत्रांतील एका तांत्रिक उणिवेमुळे फसला, आणि प्रत्यक्ष सुनावणी होण्यास १८२४ चा फेब्रुवारी उजाडला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

न्यायालय त्या वेळी वॉशिंग्टनमधील संसद भवनाच्या तळघरात, सिनेटच्या सभागृहाखाली, भरत असे. गिबन्स यांच्या बाजूने वर्ट आणि डॅनियल वेब्स्टर उभे राहिले, ऑग्डेन यांच्या बाजूने टॉमस एमेट आणि टॉमस ओकली. एमेट हे आयरिश क्रांतिकारक रॉबर्ट एमेट यांचे थोरले बंधू, हद्दपारीनंतर न्यूयॉर्कला येऊन वकिलीत नाव काढलेले. युक्तिवाद कित्येक दिवस चालले.

ऑग्डेन यांच्या पक्षाचे म्हणणे आजही पहिल्या वाचनात पटण्यासारखे वाटते. व्यापार म्हणजे वस्तूंची खरेदी-विक्री. बोट चालवणे ही वाहतूक आहे, आणि त्यातही बोटीत बसलेली माणसे हा काही विक्रीचा माल नव्हे. केंद्राचा परवाना म्हणजे बोट अमेरिकन आहे एवढाच दाखला, ती कोठेही नेण्याची मुभा नव्हे. शिवाय राज्ये आणि केंद्र दोघेही कर लावतात, तसे व्यापाराचे नियमनही दोघांनी करायला हरकत कसली?

वेब्स्टर यांनी दुसरे टोक गाठले. राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन हा एकट्या काँग्रेसचा अधिकार आहे, काँग्रेसने कायदा केलेला असो वा नसो, राज्याने त्यात हात घालताच कामा नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते मान्य झाले असते, तर गिबन्स यांच्या हाती परवाना आहे की नाही, हे पाहण्याचीही गरज उरली नसती.

मार्शल यांनी काय ठरवले?

सरन्यायाधीश जॉन मार्शल त्या पदावर १८०१ पासून होते. निकालाच्या काही दिवस आधी पडल्यामुळे त्यांचा खांदा निखळला होता. तशा अवस्थेत त्यांनी निकालपत्र पुरे केले आणि २ मार्चला ते क्षीण आवाजात वाचून दाखवले. सात न्यायाधीशांपैकी एक अनुपस्थित होते, उरलेल्या सहांपैकी कोणीही विरोधी मत दिले नाही.

मार्शल यांची पहिली पायरी अशी : व्यापारात देवघेव येतेच, पण व्यापार तेवढ्यावर संपत नाही, तर राष्ट्राराष्ट्रांतील आणि राज्याराज्यांतील सगळे दळणवळण त्यात येते. बोटींचे येणे-जाणे वगळून व्यापाराचे नियमन करणे कल्पनेतही शक्य नाही. यासाठी त्यांनी शब्दकोशापेक्षा इतिहासाचा आधार घेतला. देशाचे सरकार पहिल्या दिवसापासून जहाजांविषयी कायदे करत आले आहे, १८०७ साली तर काँग्रेसने परदेशी व्यापारासाठी जहाजे हाकारण्यावर सरसकट बंदी घातली होती, आणि त्या बंदीला कडाडून विरोध करणाऱ्यांनीही जहाजवाहतूक व्यापारात मोडत नाही असा मुद्दा काढला नव्हता. सर्व देशाने जो अर्थ गृहीत धरला तोच घटनाकारांनाही अभिप्रेत होता, हे त्यांनी यातून दाखवले.

दुसरी पायरी 'राज्याराज्यांमधील' या शब्दाची. असा व्यापार सीमेच्या रेषेवर येऊन थांबत नाही, तो राज्याच्या आतपर्यंत जातो. न्यू जर्सीहून निघालेला प्रवास न्यूयॉर्कच्या धक्क्यावर संपतो, म्हणून काँग्रेसचा अधिकारही त्या धक्क्यापर्यंत पोहोचतो. मात्र ज्या व्यापाराची सुरुवात आणि शेवट एकाच राज्यात होतो आणि ज्याचा इतर राज्यांवर परिणाम होत नाही, तो त्या राज्याकडेच राहतो, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. निकालाचे हे दुसरे अंग सांगताना बहुतेक लोक विसरतात.

तिसरी पायरी त्या परवान्याची. परवाना याचा अर्थच परवानगी, असे मार्शल म्हणाले. बोट अमेरिकन आहे हे ठरवण्यासाठी कायद्यात नोंदणीची वेगळी सोय आहेच, तेव्हा परवाना हा केवळ दाखला मानला तर तो निरर्थक ठरतो. १७९३ च्या कायद्यात शिडाच्या आणि वाफेच्या बोटींत फरक केलेला नाही, आणि उतारू नेणाऱ्या बोटीही त्याच्या कक्षेत येतात. चौथी पायरी मग आपोआप येते : देशाचा कायदा गिबन्स यांना जाऊ देतो, राज्याचा कायदा अडवतो, आणि अशा टकरीत राज्याच्या कायद्याने माघार घ्यायची. मनाई हुकूम रद्द झाला.

करांचा दाखला देणाऱ्या युक्तिवादालाही मार्शल यांनी उत्तर दिले, आणि २०२५ च्या शुल्कवादात रस असणाऱ्यांनी त्यांच्या निकालपत्राचा हा भाग मुद्दाम पाहावा. कर लावण्याचा अधिकार आणि व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत, आणि आयात-निर्यातीवरचे शुल्क हे घटनेने कराच्या अधिकाराची शाखा म्हणून धरले आहे, असे त्यांनी लिहिले. पैसा उभा करण्यासाठी दोन सरकारे आपापला कर शेजारी-शेजारी लावू शकतात, पण एकाच बोटीला दोन सरकारे एकाच वेळी 'जा' आणि 'थांब' असे सांगू शकत नाहीत.

मग राज्यांच्या हाती काय उरले?

हा आक्षेप तेव्हाही निघाला आणि तो रास्त आहे. मालाची तपासणी, साथीच्या रोगासाठी विलगीकरण, सार्वजनिक आरोग्य, राज्यातले रस्ते आणि नदीपार नेणाऱ्या नावा, असे कितीतरी विषय राज्यांचे आहेत आणि राहतील, हे मार्शल यांनी स्पष्ट नोंदवले. हे कायदे व्यापाराला स्पर्श करत असले, तरी ते राज्याच्या स्वतःच्या वेगळ्या अधिकारातून येतात.

राहिला वेब्स्टर यांचा टोकाचा मुद्दा. त्यात मोठे बळ आहे आणि त्याचे खंडन झालेले नाही, एवढे म्हणून मार्शल यांनी तो बाजूला ठेवला, कारण परवाना समोर असताना त्यावर निर्णय देण्याची गरज नव्हती. न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी मात्र स्वतंत्र मतपत्रात म्हटले की, परवाना नसता तरी आपण हाच निकाल दिला असता.

हा प्रश्न उघडा ठेवण्याला काय अर्थ होता, ते पाच वर्षांनी कळले. डेलावेअर राज्याने ब्लॅक बर्ड नावाच्या एका दलदलीच्या ओढ्यावर बांध घालण्याची परवानगी एका कंपनीला दिली. विल्सन नावाच्या मालकाच्या गलबताकडे गिबन्स यांच्यासारखाच केंद्राचा किनारी परवाना होता, आणि ते गलबत बांध फोडून पुढे गेले. कंपनीने भरपाई मागितली. परवाना तोच, कायदा तोच, आणि निकालही मार्शल यांचाच, तरी १८२९ मध्ये राज्य जिंकले. दलदल कोरडी करून लोकांचे आरोग्य आणि जमिनीचे मोल सुधारणे हे राज्याचे काम आहे, आणि अशा लहान खाड्यांबाबत काँग्रेसने कोणताही कायदा केलेला नाही, असे कारण त्यांनी दिले. माझ्या मते हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचल्याशिवाय पहिल्याचे खरे माप कळत नाही. केंद्राचा कागद हाती असला की राज्याचा प्रत्येक नियम कोसळतो, असा अर्थ १८२४ च्या निकालातून काढता येत नाही. शेजारच्या राज्याच्या माणसाला केवळ आपल्या मक्तेदाराच्या फायद्यासाठी बाहेर ठेवणारा नियम तेव्हा कोसळला, सर्वांच्या भल्यासाठी घातलेला बांध टिकला.

शोधकाला त्याचे फळ नको का?

लिव्हिंग्स्टन आणि फुल्टन यांनी जोखीम घेतली, पैसा घातला, आणि जगात व्यापारी तत्त्वावर यशस्वी ठरलेल्या पहिल्या आगबोटींपैकी एक चालवून दाखवली. त्यांना काही वर्षे स्पर्धेपासून संरक्षण मिळण्यात गैर काय, असे विचारता येईल. याचे उत्तर असे की, शोधाबद्दल ठरावीक मुदतीचा हक्क देण्याची सोय घटनेने वेगळी केलीच होती आणि ती काँग्रेसकडे होती. असा हक्क देशभर सारखा लागू होतो आणि त्यासाठी शोध नवा आहे हे सिद्ध करावे लागते. न्यूयॉर्कने दिलेला एकाधिकार कोणत्याही विशिष्ट यंत्रासाठी नव्हता. तो वाफेच्या किंवा अग्नीच्या बळावर चालणाऱ्या प्रत्येक बोटीला लागू होता, मग ती दुसऱ्या कोणी वेगळ्या पद्धतीने का बांधलेली असेना. लिव्हिंग्स्टन १८१३ मध्ये आणि फुल्टन १८१५ मध्ये वारले. खटला उभा राहिला तेव्हा मक्तेदारीचे उत्पन्न वारसांना आणि परवाना विकत घेतलेल्यांना जात होते.

गुलामगिरीचा प्रश्न

निकालपत्रात हा विषय नाही, पण त्याच्याशिवाय १८२४ समजत नाही. दक्षिणेतील राज्यांमध्ये गुलाम माणसांचा राज्याराज्यांत व्यापार होत असे. व्यापारावरचा काँग्रेसचा अधिकार अनिर्बंध आणि अनन्य, म्हणजे एकट्या काँग्रेसचाच, आहे असे न्यायालयाने म्हटले असते, तर पुढचा प्रश्न उघड होता : मग काँग्रेस तो व्यापारही थांबवू शकते का? दक्षिण कॅरोलायनाने १८२२ मध्ये कायदा केला होता की, बंदरात आलेल्या जहाजावरील स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशांना जहाज मुक्कामी असेपर्यंत तुरुंगात ठेवावे. त्याच राज्यातले असलेल्या न्यायमूर्ती जॉन्सन यांनी १८२३ मध्ये फिरत्या न्यायालयात बसून तो घटनाविरोधी ठरवला, आणि राज्याने त्यांच्या मताची दखलच घेतली नाही. मार्शल यांनी अनन्यतेचा प्रश्न उघडा ठेवण्यामागे ही जाणीव असावी, असे अनेक इतिहासकार मानतात, आणि ते मला पटते. गिबन्स स्वतः गुलामांचे मालक होते, हेही येथे नोंदवायला हवे. मुक्त दळणवळणाचा हक्क त्यांनी जिंकला, पण त्यांच्या मळ्यावरच्या माणसांना तो नव्हता.

निकालानंतर

वर्षभरात न्यूयॉर्कला येणाऱ्या आगबोटींची संख्या ६ वरून ४३ वर गेली, असा आकडा इतिहासग्रंथांत नेहमी दिला जातो. १८२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी राज्यांतर्गत प्रवासावरची मक्तेदारीही मोडीत काढली, आणि त्याच वर्षी ईरी कालवा पुरा होऊन हडसन नदी सरोवरांच्या प्रदेशाला जोडली गेली. ऑग्डेन कर्जात बुडाले आणि काही काळ कर्जदारांच्या तुरुंगात होते. गिबन्स १८२६ मध्ये वारले. स्पर्धेबरोबर बॉयलर फुटण्याचे अपघातही आले, आणि काँग्रेसला १८३८ व १८५२ मध्ये आगबोटींच्या सुरक्षेचे कायदे करावे लागले. अर्थात हे कायदे करण्याचा काँग्रेसचा अधिकार याच निकालाने पक्का केला होता.

उतारू नेणे हाही व्यापार, या एका वाक्याचा उपयोग १४० वर्षांनी झाला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांना कृष्णवर्णीय प्रवाशांना खोली नाकारण्यास बंदी केली, तेव्हा अटलांटातील एका मोटेलमालकाने काँग्रेसला हा अधिकारच नाही असा दावा लावला. त्याच्याकडे उतरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक राज्याबाहेरून येत. सर्वोच्च न्यायालयाने मार्शल यांच्या निकालाचा विस्ताराने आधार घेत कायदा उचलून धरला. उलट १९९५ मध्ये शाळेच्या आवारात बंदूक बाळगण्याविषयीचा केंद्रीय कायदा रद्द करताना न्यायालयाने त्याच निकालातील मर्यादेचा भाग पुढे केला. एकच निकालपत्र दोन्ही बाजूंना उपयोगी पडते, कारण त्यात अधिकार आणि त्याची हद्द या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत.

भारतात हाच प्रश्न

आपल्या घटनाकारांनी पाण्यावरची वाटणी न्यायालयावर सोडली नाही. सातव्या अनुसूचीनुसार, संसदेने कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर केलेल्या अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक बोटींची वाहतूक हा केंद्राचा विषय आहे, इतर अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक वाहतूक समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांच्याही विषयांत, आहे, आणि त्यापलीकडचे अंतर्गत जलमार्ग राज्यांकडे आहेत. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. रायगडची अंबा, चिपळूणजवळून वाहणारी वाशिष्ठी, गोव्याच्या मांडवी आणि जुवारी, या नद्यांचे ठरवून दिलेले पट्टे त्यात आहेत.

व्यापाराच्या स्वातंत्र्याची तरतूद घटनेच्या अनुच्छेद ३०१ मध्ये आहे. तिची घडण अमेरिकेपेक्षा ऑस्ट्रेलियाच्या घटनेला जवळची आहे, पण व्यापार आणि वाणिज्य यांच्या जोडीने दळणवळणही मुक्त असेल, असे तीत शब्दांत सांगितले आहे. या अनुच्छेदाचा पहिला मोठा खटलाही जलवाहतुकीशी संबंधित होता. रस्त्याने किंवा अंतर्गत जलमार्गाने जाणाऱ्या मालावर आसामने १९५४ मध्ये कर बसवला, आणि कलकत्त्याकडे चहा पाठवणाऱ्या अटियाबारी टी कंपनीसह काही कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, जे पुढे सरन्यायाधीश झाले, यांनी १९६० मध्ये बहुमताचा निकाल लिहिला : मालाच्या हालचालीला थेट अडथळा करणारा कर हासुद्धा स्वातंत्र्यावरचा निर्बंध आहे, आणि अशा कायद्यासाठी घटनेने घातलेली राष्ट्रपतींच्या मंजुरीची अट आसामने पाळलेली नाही. कायदा रद्द झाला.

मार्शल यांनी कर आणि नियमन वेगळे ठेवले होते, गजेंद्रगडकरांनी दोहोंतली भिंत हालचालीच्या कसोटीवर ओलांडली. दोन वर्षांनी न्यायालयाने रस्ते, पूल यांसारख्या सोयींच्या बदल्यात घेतल्या जाणाऱ्या करांना सूट दिली. अखेर २०१६ मध्ये 'जिंदाल स्टेनलेस' खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने जुनी भूमिका बदलली. निव्वळ कर लावला म्हणून अनुच्छेद ३०१ चा भंग होत नाही, बाहेरच्या राज्यातील मालाशी भेदभाव करणारा कर असेल तर मात्र होतो, अशी आता आपल्याकडची कसोटी आहे. एखादा कर भेदभाव करणारा आहे की नाही, हे त्या त्या खटल्यात तपासून ठरते.